शिंपल्याची चौदा बटणं

माझ्या लेकीला दुकानदारी मीच शिकवली, आणि ती फार लवकर शिकली. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

आमचं दुकान बटणांचं आहे. बटणं, लेस, इलास्टिक, हूक, दोऱ्याची रिळं. कापड सोडून शिंप्याला जे जे लागतं ते सगळं. सासूबाईंनी सुरू केलं, त्या गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. नवऱ्याला त्यात काडीचा रस नाही. तो दुसऱ्या गावी नोकरी करतो, पंधरा दिवसांनी घरी येतो आणि दर वेळी विचारतो, एवढ्याएवढ्याशा वस्तू विकून पोट कसं भरतं? तुझं भरतंय ना, असं मी म्हणते आणि विषय संपतो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका घाऊक व्यापाऱ्याने मला टोपी घातली. शिंगाची बटणं म्हणून प्लास्टिकची तीन खोकी माझ्या माथी मारून गेला, आणि वर मी त्याला चहाही पाजला. सासूबाईंनी ती खोकी पोटमाळ्यावर, शिडी चढलं की समोरच दिसतील अशी ठेवायला लावली. पुढची तीन वर्षं मी वर गेले की ती खोकी माझ्या तोंडाकडे बघायची. तेव्हाच मी ठरवलं की मला मूल झालं तर त्याला कोणी असं गंडवून जाणार नाही.

मुलगी झाली. आता नऊ वर्षांची आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. शाळा सुटली की ती थेट दुकानात येते आणि पोटमाळ्यावर चढते. तिच्या मागोमाग शेजारच्या शिंप्याची पाच वर्षांची धाकटी. ही भिंगरी जाईल तिथे जाते, भिंगरी शिंकली की शिंकते, म्हणून तिचं नाव शेपूट. दोघी वर दुकान-दुकान खेळायच्या. कागदाच्या बाहुल्या, पेन्सिलींची टोकं, रिकामी रिळं असला माल. पैसे म्हणून खडे. आता खडे काय, कोणीही रस्त्यावरून मूठभर उचलून आणेल. मला ते बघवेना. खेळायचंच तर नीट खेळा, असं म्हणून मी त्यांना बिनजोडीच्या बटणांची बरणी दिली. शर्टाचं पांढरं बटण म्हणजे एक, कोटाचं म्हणजे दहा, पितळी म्हणजे शंभर.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी स्वतः वर जायची आणि मुद्दाम चिकट गिऱ्हाईक व्हायची. माल उलटापालटा करायचा, नाक मुरडायचं, समोरच्या दुकानात हेच निम्म्यात मिळतं म्हणायचं. शेपटीला तर धंद्याचं अंगच नव्हतं. तुझा फ्रॉक छान आहे असं म्हटलं की ती बाहुली फुकट देऊन टाकायची आणि वर थँक्यू म्हणायची. तिचं दुकान आठवड्यातून तीनदा बुडायचं. भिंगरी मात्र एकदा सांगितलेलं विसरायची नाही. भाव सांगताना खाली बघायचं नाही. सुट्टे मोजताना बोलायचं नाही. एकदा शेपटीने तिला विचारलं की हा चकचकीत कागद कुठून आणलास, तर भिंगरीने शाळेच्या कचरापेटीतून असं खरं खरं सांगून टाकलं. मी तिला जवळ बसवलं आणि समजावलं की माल कुठून आला ते कधी सांगायचं नसतं, कोणी कितीही विचारलं तरी. हसायचं आणि गप्प बसायचं. तिने तिथल्या तिथे हसून दाखवलं. मला इतकं भरून आलं की मी तिचा मुका घेतला.

हे सगळं खाली बसून ऐकणाऱ्या एक म्हणजे लेसमावशी. त्या सासूबाईंच्या काळापासून दुकानात होत्या. बावीस वर्षं गळ्यात टेप अडकवून लेस मोजत आल्या, म्हणून लेसमावशी. खरं तर मलाही त्यांनीच घडवलं. हूक डोळे मिटून मोजायचे कसे, शिंप्याला उद्याचा वायदा कधी द्यायचा आणि कधी नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्या मला म्हणायच्या, खेळू दे ना गं पोरींना, त्यांच्या खेळात तू कशाला आपलं घोडं दामटतेस? मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं मावशी. आज हे वाक्य आठवलं की कान गरम होतात.

एक दिवस भिंगरीने विचारलं, पितळी बटणाच्या वरची नोट कुठली? मी म्हटलं, जी दुसऱ्या कोणाकडेच नाही ती. आणि तेवढ्यावर न थांबता मी कपाटाच्या आतल्या खिळ्यावरची किल्ली काढली, खालचा खण उघडला आणि तिला शिंपल्याची बटणं दाखवली. हाताने कापलेली, एकेक वेगळं चमकणारं. ती करणारा कारागीर हात थरथरायला लागल्यावर घरी बसला होता आणि त्याच्या शेवटच्या मालातली चौदा आमच्याकडे उरली होती. मी म्हटलं, अशी अख्ख्या गल्लीत नाहीत. ज्या वस्तूला जोड नाही तिची किंमत आपण म्हणू ती.

ती चौदाच्या चौदा बटणं कोट शिवणाऱ्या एका बाईंनी सांगून ठेवली होती, पैसेही देऊन गेल्या होत्या. बारा कोटाला, दोन जादा. त्या ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आल्या. मी खण उघडला. डबी होती, आत काही नव्हतं.

दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. मी लेसमावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी त्या खणाला हातसुद्धा लावलेला नाही. मी सगळा खण उपसला, कपाट हलवलं, गोणपाट झटकलं. कोटवाल्या बाई घड्याळ बघत होत्या. माझं डोकं तापलं. तापलं की मला पुढचं दिसत नाही, हे माझं जुनं दुखणं. सासूबाई नेहमी सांगायच्या की माल कमी पडला की मालाच्या सगळ्यात जवळच्या माणसापासून सुरुवात करायची. मी म्हटलं, "मावशी, किल्ली कुठे असते ते दोघींनाच माहीत. मला आणि तुम्हाला. मी घेतलेली नाहीत."

त्या म्हणाल्या, "पिशवी बघायची का?"

त्यांना वाटलं असेल की मी नाही म्हणेन. मी पिशवी काउंटरवर उलटी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, औषधाची पट्टी आणि एक हातरुमाल. सगळं त्या गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी एकेक वस्तू परत आत ठेवली, गळ्यातली टेप काढून गुंडाळली, माझ्यासमोर ठेवली आणि गेल्या. बावीस वर्षं झाली होती, बावीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आमच्या गल्लीची एक पद्धत आहे. शिवणाच्या सामानाची आठ दुकानं, आमचं धरून. एकाकडचं माणूस दुसऱ्याकडे जातं, तिथून तिसऱ्याकडे. म्हणून कोणाला हातचलाखीवरून काढलं तर मालकाने त्याच संध्याकाळी उरलेल्या सातही दुकानांत स्वतः जाऊन सांगायचं. नोकराच्या हाती निरोप धाडायचा नाही. मीही गेले. चेनवाल्यापासून सुरुवात केली, अस्तरवालीकडे पाणी प्यायले, टोकाच्या दोरेवाल्याकडे संपवलं. सगळे हळहळले. म्हातारपणी बुद्धी फिरते, असं कोणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली.

पुढचे आठ दिवस दुकान लंगडत चाललं. शिंपी येऊन आधी मावशी कुठे आहेत विचारायचे. कोणती लेस कोणत्या खोक्यात, कोणत्या दोऱ्याला कोणता नंबर, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात होतं आणि ती बाई मी हाकलून दिली होती. दोरेवाल्याने सांगितलं की त्या काम मागायला आल्या होत्या. "तुम्ही सांगितलं होतंत म्हणून बरं," तो म्हणाला, "नाहीतर ठेवलंच असतं." मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. बरं केलं, असंच वाटलं.

नवव्या दिवशी मी इलास्टिकचं खोकं काढायला शिडी चढले. अर्ध्यावर होते तेव्हा वरून भिंगरीचा आवाज आला. आवाज तिचा, पण बोलणं माझं.

"किल्ली कोणाला माहीत?"

"तुला," शेपूट म्हणाली. "आणि मला."

"मी तर घेतली नाहीत. म्हणजे?"

"म्हणजे मी."

"पिशवी दाखव."

शेपटीने दप्तर उलटं केल्याचा आवाज झाला. मग ती रडवेल्या सुरात म्हणाली, "पण मी नाही ना घेतली."

"माहितीये," भिंगरी शांतपणे म्हणाली. "मीच घेतली. पण मालकिणीला काढता येत नाही. कोणीतरी तर जायलाच हवं."

मी डोकं वर काढलं. एका पुठ्ठ्यावर बँक असं लिहिलेलं होतं आणि त्यावर रांगेने मांडलेली शिंपल्याची चौदा बटणं. शेपूट माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मी गिऱ्हाईक होऊन आले.

माझा हात उचलला गेला होता. तो तसाच शिडीवर आपटला. मी शेपटीला घरी पाठवलं आणि भिंगरीला विचारलं की ज्या दिवशी मी मावशींना काढलं त्या दिवशी तू कुठे होतीस. ती म्हणाली, इथेच, वर. शाळेला सुट्टी होती. सगळं ऐकलंस? हो. मग खाली येऊन सांगितलं का नाहीस?

"तू मला विचारलंच नाहीस," ती म्हणाली. "आणि माल कुठून आला ते सांगायचं नसतं."

ती उद्धटपणे बोलत नव्हती. परीक्षेत बरोबर उत्तर देताना मुलं जशी बघतात तशी बघत होती. मग हळूच म्हणाली की मला वाटलं मावशी दोन दिवसांनी येतील, शेपटीला मी काढते तेव्हा ती येतेच की परत. एवढं बोलून तिचा चेहरा पार उतरला. तिला सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी तिला घेऊन मावशींकडे गेले. चार जिने चढून एक खोली. दार उघडंच होतं. त्या खिडकीशी बसून पुठ्ठ्यांवर हूक शिवत होत्या. शंभर पुठ्ठ्यांमागे काहीतरी किरकोळ मिळतं, ते काम घरी बसून करणाऱ्या बाया मला माहीत होत्या. आमच्याच दुकानात ते पुठ्ठे येतात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चुकले म्हटलं. भिंगरीला पाया पडायला लावलं. उद्यापासून या म्हटलं, पगार वाढवते म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझं मलाच कळलं की मी इथेही भाव सांगतेय.

मावशींनी सुई टोचून ठेवली. पोरीच्या केसांवरून हात फिरवला. तिच्यावर त्यांचा राग दिसला नाही.

"ती लहान आहे," त्या म्हणाल्या. "तू नाहीस. पगार राहू दे. ज्या तोंडाने सात दुकानांत जाऊन सांगितलंस, त्याच तोंडाने जाऊन सांगून ये. मी त्या गल्लीत बावीस वर्षं मान वर करून चालले. आता मान खाली घालून पलीकडच्या रस्त्याने जाते. ते झालं की मी दुसऱ्या दिवशी नऊला हजर. आणि हिला बरोबर ने. हिने ऐकू दे."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हे मला इथे सांगायचंच आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरीचा हात धरून मी निघाले. रात्रभर मी वाक्य तयार केलं होतं: मावशींनी काही घेतलं नव्हतं, माझ्या मुलीने खेळायला नेली होती, चूक माझी. पाठ झालं होतं. चेनवाल्याकडे गेले. तो पुड्या बांधत होता. मी म्हटलं, ती बटणं सापडली, मावशींनी घेतली नव्हती. तो म्हणाला, अरे वा, कुठे सापडली?

तेवढंच तर सांगायचं होतं. भिंगरीचा हात माझ्या हातात घामेजला होता. ही मुलगी उद्या याच गल्लीत वाढणार, याच लोकांशी व्यवहार करणार, हे दुकान हिच्याच हाती यायचं, आणि हा माणूस जन्मभर हिला बघून गल्ल्यावर हात ठेवणार. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"कपाटामागे," मी म्हटलं. "पडली होती." तो हसला.

काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावलं. मावशींवरचा डाग गेला की झालं. पोरीचं नाव कशाला मध्ये? दुसऱ्या दुकानात कपाटामागे, तिसऱ्या दुकानात कपाटामागे. तिसऱ्या ठिकाणी तर भिंगरीने आपणहून सांगितलं की उंदराने ओढून नेली असतील, आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण मी तिला गप्पही केलं नाही.

चौथं दुकान अस्तरवालीचं. ती माझी त्यातल्या त्यात मैत्रीण. तिने मला आत बोलावलं, आवाज खाली केला आणि म्हणाली, "कपाटामागे काय गं, परत आणून ठेवली म्हण ना. असंच असतं. काढलं, धाक बसला, कोणाच्या तरी हाती गुपचूप आणून टाकली. माझ्याकडे पण एकदा कात्री अशीच सापडली होती. कपाटामागेच."

आल्या वाटेने मी मागे बघितलं. तिन्ही दुकानांत लोक हेच समजले होते तर. चेनवाला हसला होता तो काय हसला होता, ते आता मला कळलं. मावशी काल चोर असतील नसतील अशा होत्या. मी चार दुकानांत जाऊन त्यांना पक्कं चोर करून टाकलं होतं.

तिथल्या तिथे मी अस्तरवालीला खरं सांगितलं. माझ्या मुलीने घेतली होती, मावशींचा काही संबंध नाही. ती माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागली की मला घाम फुटला. "पुरे गं," ती म्हणाली, "म्हातारीसाठी स्वतःच्या पोरीवर घेतेस? एवढं चांगलं असू नये माणसाने."

मी भिंगरीला ओढत परत चेनवाल्याकडे नेलं. त्यालाही सांगितलं, तयार केलेलं वाक्य, जसंच्या तसं. त्याने पुडी खाली ठेवली. मघाशी तर कपाटामागे म्हणालात, तो म्हणाला. मी म्हटलं, मघाशी खोटं बोलले. तो मान हलवत हसला. "तुमचं मन मोठं आहे हो. बावीस वर्षांचं माणूस, तुटत नाही, कळतं मला." मग तो काउंटरवरून वाकला आणि भिंगरीला म्हणाला, "काय गं, तू घेतलीस का बटणं?"

माझा जीव तिच्या ओठांवर टांगला होता. मी तिचा हात दाबला. ती त्याच्याकडे बघत होती, थेट, खाली न बघता.

"नाही," भिंगरी म्हणाली. आणि हसली.

त्याने तिच्या गालाला हात लावला आणि एक रंगीत चेन तिच्या हातात ठेवली, बाहुलीच्या फ्रॉकला लाव म्हणून. मी आणखी काही बोलले का? बोलले असेन. तो ऐकत नव्हता. एकदा खरं म्हणून खोटं दिल्यावर मागाहून खरं कोणी घेत नाही.

रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, असं का केलंस? ती नवलाने म्हणाली, आधी तूच कपाटामागे म्हणालीस ना, मला वाटलं आपलं तेच ठरलंय. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, की हो म्हटलं असतं तर त्या काकांनी परत आपल्याशी व्यवहार केला असता का? मला रागवायचं होतं. पण तिच्या तोंडून येणाऱ्या प्रत्येक वाक्यावर माझाच शिक्का होता. उरलेल्या तीन दुकानांत मी गेलेच नाही. पाय वळले ते सरळ मावशींच्या घराकडे. मला त्यांना सांगायचं होतं की माझ्याकडून जमलं नाही, नासवलं मी सगळं, आता काय करू ते तुम्हीच सांगा.

चार जिने चढेपर्यंत मी मनाशी तेच घोकत होते. मावशी दारातच उभ्या होत्या. खिडकीतून त्यांनी आम्हाला येताना पाहिलं असणार. त्यांनी मला विचारलं नाही. त्या भिंगरीसमोर खाली बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि तिलाच विचारलं.

"सांगितलं का गं आईने?"

"हो," भिंगरी म्हणाली.

"सगळीकडे?"

"सगळीकडे. मी पण सांगितलं."

आणि तिने मावशींच्या गळ्यात हात टाकले. त्या मिठीत काही खोटं नव्हतं. तिला मावशी परत हव्या होत्या, दुसरं काही नको होतं, आणि त्या कशा मिळतील ते तिला नेमकं कळलं होतं. मावशींनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरताना मला दिसलं. मी तोंड उघडलं. आता बोल, असं मी स्वतःला दोनदा म्हटलं. मावशी उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी तुला फार टाकून बोलले काल. मनात ठेवू नकोस. असं दारोदार जाऊन स्वतःच्या पोरीचं सांगायचं म्हणजे काय ते मला कळतं. दुसऱ्या कोणी केलं नसतं."

मी म्हटलं, "उद्या या मग."

एवढंच म्हटलं. मला माझी लाज वाटली, आणि तरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

सकाळी शाळेआधी भिंगरी माझ्याबरोबर दुकानात होती. नऊला दोन मिनिटं कमी असताना मावशी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. पलीकडच्या रस्त्याने नाही, मधोमध येत होत्या. इस्त्रीचे कपडे, केस चोपून बसवलेले, पिशवी काखेत. प्रत्येक दुकानापाशी थांबत होत्या, नाव घेऊन हाक मारत होत्या, तब्येत विचारत होत्या. अस्तरवालीने गोड हसून विचारपूस केली आणि त्या पुढे गेल्यावर माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. चेनवाल्याने या या मावशी असं म्हणत एक हात वर केला. दुसऱ्या हाताने त्याने गल्ल्याचा खण आत लोटला आणि किल्ली फिरवली.

मावशींना ते दिसलं नाही. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. भिंगरीला दिसलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि मान वर करून मला विचारलं, "आई, मावशींना सांगायचं का?"